आधी जेवून घे

मनाला टोचणी लागून रात्रभर जागलेलं पोर दारात आलं, की मी त्याला आधी विचारते, जेवलास का? ही रीत माझी नाही. माझ्या सासूबाई बायबल-बाई होत्या. नगर भागातल्या खेड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, आणि सुनेला त्यांनी दिलेला पहिला कानमंत्र हाच. त्या म्हणायच्या, एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन झाडाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला का? भाकर दिली, पाणी दिलं, निजू दिलं, आणि उठवून पुन्हा खाऊ घातलं. पेत्रानं तर येशूची ओळखच तीनदा नाकारली होती. पुढे तिबिर्या समुद्राच्या काठी येशू त्याला भेटला तेव्हा निखाऱ्यांवर मासे भाजत ठेवले होते. ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हा अवघड प्रश्न, तोही तीनदा, विचारला. पण न्याहारी झाल्यावर. तेव्हा उपाशीपोटी आणि रात्री अकरानंतर आपल्या पापांचा हिशेब मांडायला बसू नये. त्या वेळी लिहिलेला मेसेज तर मुळीच पाठवू नये. सकाळी वाचला की त्यातलं निम्मं खोटं निघतं.

सकाळी चहा झाला की एक कागद घे आणि एका वाक्यात लिही, मी काय केलं. ‘मी फार वाईट आहे’ हे चालणार नाही. त्यात काय केलं ते कुठे आहे? ‘भिशीचे 11,000 रुपये मी न विचारता वापरले.’ ‘आई आजारी असताना तिचा फोन मुद्दाम उचलला नाही.’ कुणाचं, काय, कधी, एवढं त्यात आलं पाहिजे. असं वाक्य लिहिता आलं, तर तुझ्या हातून अपराध झाला आहे, आणि पुढचा रस्ता ठरलेला आहे. वाक्य काही केल्या जमेना, नुसतं ‘मला माझीच किळस येते’ एवढंच कागदावर उतरलं, तर ती लाज आहे. ती खरोखर तुझी आहे की कुणी तुझ्या गळ्यात मारलेली, हे आधी बघायचं.

हे बघणं आपल्या लोकांना फार गरजेचं. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधली कितीतरी घरं महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेली. पाणी वरून ओंजळीत ओतून घ्यायचं, गावच्या पंगतीपासून लांब बसायचं, नाव-गाव सांगताना आवाज खाली आणायचा, ही लाज जन्माबरोबरच अंगावर टाकलेली. बाप्तिस्मा झाला म्हणून ती एका दिवसात गेली नाही. शिकून साहेब झालेल्या माणसांच्याही मानेत ती मी पाहिली आहे. या लाजेचा पश्चात्ताप करायचाच असेल तर तो ती टाकणाऱ्यांनी करावा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदन उभारलं, तिथं आलेल्या बालविधवांचंही तसंच. नवरा मेला यात त्या मुलीचं पाप ते काय? पण घरानं तिला तेच सांगितलेलं, आणि तिला ते खरं वाटत होतं. लोकांनी ‘पतित’ म्हणून हाकलून दिलेल्या बायांसाठी रमाबाईंनी तिथंच कृपासदन काढलं. रमाबाईंना बाकी अनेक गोष्टींसाठी नावाजतात. मला त्या दोन घरांना ती नावं देण्यातलं शहाणपण मोठं वाटतं.

लहानपणी कुणी अंगाला हात लावला, नवरा मारतो, साहेबानं बंद खोलीत काही केलं, याची लाज घेऊन पोरी येतात. त्यांना मी पश्चात्तापाची प्रार्थना सांगत नाही. ‘तूही देवाजवळ क्षमा माग, मन हलकं होईल,’ असं अशा पोरीला सांगणारा पाळक असेल तर तिनं पाळक बदलावा. आणि लेकरावर झालेला अत्याचार ही मंडळीत मिटवायची बाब नाही. 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो की ज्याला हे कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. त्यात पंच आले, पाळकसाहेब आले, मीही आले. करणाऱ्यानं रडून क्षमा मागितली तरीसुद्धा.

आता वाक्य ज्याला लिहिता आलं त्याच्याकडे वळू. त्या वाक्यात ‘पण’ असेल तर तो खोड. जुन्या करारातले दोन राजे शेजारी शेजारी ठेवून बघ. अमालेक्यांचं काहीही राखू नकोस असा हुकूम असताना शौलानं निवडक गुरं-मेंढरं राखली. शमुवेलानं विचारलं तर म्हणतो, लोकांनी ठेवली, आणि तीही देवाला अर्पण करायला. फारच कोंडीत सापडला तेव्हा चूक कबूल केली, आणि त्याच दमात गळ घातली की वडीलमंडळींसमोर माझा मान राख. दावीदाचं पाप मोजायला बसलास तर याच्या कितीतरी पट. दुसऱ्याच्या बायकोला बोलावून घेतलं, आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढं घालून मारवलं. पण नाथानानं गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून त्याच्याकडे बोट केलं, तेव्हा त्याची कबुली दोन-चार शब्दांत संपली. लोकांचा दोष नाही, बाईचा नाही, परिस्थितीचा नाही. आपल्याकडे शौल फार. ‘माझ्याकडून कळत नकळत कुणाचं मन दुखावलं गेलं असल्यास’ अशी क्षमा मागणारे तर दर वर्षाअखेरच्या उपासनेत दहा सापडतील. त्यानं कुणाचंच काही भरून निघत नाही. काटा आत ठेवून वर हळद लावल्यासारखं ते. दोन दिवस बरं दिसतं.

मग परतफेड. यावर मी जरा जास्त बोलते, कारण प्रवचनांतून याच्यावर फार कमी बोललं जातं. जक्कय जकातदार येशूला पाहायला झाडावर चढला, येशू त्याच्या घरी उतरला, एवढं शब्बाथ शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्याच बैठकीत जक्कयानं आकडे सांगितले, ते कुणी लक्षात ठेवत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला ज्याला फसवलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात आपण होऊन कबुली देणाऱ्याला याहून सोपं गणित आहे: घेतलं ते पुरतं परत करायचं आणि वर पाचवा भाग घालायचा. म्हणजे भिशीच्या 11,000 वर 2,200. हा वरचा भाग महत्त्वाचा, कारण ज्याचे पैसे अडकले त्यानं या काळात उसनवारी केली असेल, कुणाचे टोमणे ऐकले असतील. नुसतं मुद्दल परत केलं म्हणजे त्याचा सगळा त्रास आपण फुकटात वापरला.

सासूबाईंच्या काळात एका गृहस्थानं मंडळीच्या वर्गणीतले पैसे घरी वापरले होते. कुणाला कळलं नव्हतं. त्यांना रविवारी उभं राहून साक्ष द्यायची होती, म्हणून ते मजकूर विचारायला आले. सासूबाई म्हणाल्या, आधी पैसे भरा, मग मजकुराचं बघू. त्यांनी सायकल विकली, खजिनदाराकडे जाऊन काय केलं ते सांगितलं आणि पाचव्या भागासकट पैसे भरले. पुढे साक्षीचा मजकूर विचारायला ते काही आले नाहीत. मला वाटतं, चारचौघांत बोलून दाखवायची जी घाई असते, तिच्यातली निम्मी हात रिकामे ठेवण्याची असते.

पैशाचं मोजता येतं. शब्दाचं, विश्वासाचं मोजता येत नाही. तिथं भरपाई म्हणजे वेळ. खोटी कागाळी केली असेल तर ज्या ज्या माणसापाशी केली, त्या त्या माणसापाशी जाऊन ती खोटी होती असं सांगायचं. हे काम मोठं किचकट आहे. आणि परिणाम भोगावे लागले तर कुरकुर करू नये. दावीदाला क्षमा मिळाली, तरी त्याच्या घरातलं दुःख टळलं नाही. देवानं माफ केलं, मग बँक का नाही, असं मला एकदा एकानं विचारलं होतं. मी म्हटलं, बँकेनं तुझ्यासाठी क्रूस उचललेला नाही बाबा.

सांगायचं कुणाला? आम्ही प्रोटेस्टंट लोक मोठ्या अभिमानानं म्हणतो, आम्हाला मध्यस्थ लागत नाही, आम्ही थेट देवाशी बोलतो. आणि पुष्कळदा कुणाशीच बोलत नाही. माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. 1215 च्या लॅटरन परिषदेपासून त्यांच्यात वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचा दंडक आहे, आणि ऐकलेलं बाहेर फोडणाऱ्या फादरला चर्च सरळ बहिष्कृत करतं. तिच्या मनात गोष्टी साचत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघत आले. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आपल्यालाही सांगितलंच आहे, फक्त त्याला खोली आणि पडदा नेमून दिलेला नाही. तो आपण नेमायचा. एक माणूस धर. वयानं मोठा, नात्यातला नको, आणि ज्यानं तुला आजवर दुसऱ्या कुणाचं गुपित सांगितलेलं नाही असा. ही शेवटची परीक्षा सोडू नकोस. प्रार्थनासभेत तर मुळीच बोलू नकोस. ‘बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरात काय चाललंय ते प्रभूलाच ठाऊक,’ असं एकीनं म्हटलं, की आमेन व्हायच्या आत ते अख्ख्या कॉलनीला ठाऊक झालेलं असतं.

ज्याचं नुकसान केलं त्याला सांगावं का, हा प्रश्न वेगळा. बहुतेक वेळा सांगावंच. येशूनं तर वेदीपाशी आणलेलं अर्पण तिथंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं. पण कधीकधी माणूस आपलं ओझं उतरवायला जातो आणि ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा घरी येतो. मनात कुणाबद्दल वर्षभर हेवा होता हे त्याला जाऊन सांगितल्यानं त्याचं काय भलं होणार? ते देवाजवळ सांग. मात्र समोरच्याच्या तब्येतीचा, पैशाचा, लेकरांचा संबंध असेल, तो फसवणुकीवर विसंबून आयुष्याचे निर्णय घेत असेल, तर त्याला कळलंच पाहिजे, मग तुझं घर मोडायची वेळ आली तरी. अशा वेळी ‘तिला दुःख नको म्हणून सांगत नाही’ असं म्हणणारा नवरा बहुधा स्वतःचं दुःख वाचवत असतो.

रडू येत नाही म्हणून घाबरणारेही असतात. 1905 साली केडगावला मुक्तिसदनात मोठं जागरण झालं. मुली मोठ्यानं रडत, आपली पापं सांगत, तासन् तास प्रार्थना करत. बाहेरगावाहून लोक पाहायला येत. त्या गोष्टी आमच्या घरात ऐकून ऐकून मोठ्या झालेल्या बायांना वाटायचं, तसा हुंदका फुटल्याशिवाय क्षमा मिळत नाही. सासूबाईंना हे पटत नसे. त्या म्हणत, कुणाला रडू लवकर येतं, कुणाला उशिरा, कुणाला येतच नाही. महिन्याभरानं त्या बाईची शेजारीण काय म्हणते ते विचारा.

आणि एकदा कबूल केलेलं पुन्हा पुन्हा कबूल करत बसू नये. मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात असताना तासन् तास पापनिवेदन करायचा, आणि बाहेर पडल्यावर आणखी काहीतरी आठवून परत यायचा. त्याचे वरिष्ठ श्टाउपित्स त्याला कंटाळून गेले होते. पुढे त्यानं काय घडवलं ते जग जाणतं, पण त्या वेळी तो आतून पोखरला जात होता. असं तुझं होत असेल, क्षमा मागूनही दर तासाला तोच विचार, प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून ती पहिल्यापासून, तर ते पाप नसून आजार असू शकतो. मंत्रचळ म्हणतात तो हाच, देवाधर्माचं सोंग घेऊन आलेला. त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे औषध आहे. जीव द्यावा असं वाटू लागलं तर प्रार्थना संपायची वाट न बघता घरातल्या माणसाला उठव, किंवा 14416 वर फोन लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. यहूदा इस्कर्योतानं चांदीची तीस नाणी परत नेली होती, पाप केलं असंही म्हणाला होता. पण गेला कुणाकडे? ज्यांनी सौदा केला त्या याजकांकडे. त्यांनी सांगितलं, तुझं तू बघ. आणि तो एकटाच निघून गेला. पेत्र त्याच रात्री धाय मोकलून रडला, पण नंतर बाकीच्या शिष्यांत जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर मासे धरायला गेला. मला पेत्राच्या अश्रूंपेक्षा ती होडी महत्त्वाची वाटते.

आता प्रभुभोजनाचं. पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षारस फिरू लागला की मागच्या बाकावरचे काहीजण हळूच बाहेर जातात, चपला घालून अंगणात उभे राहतात. अख्खी मंडळी बघते, आणि घरी जाताना चर्चा होते, याचं काय असेल. विचारलं तर म्हणतात, आम्ही लायक नाही, अयोग्य रीतीनं खाल्लं तर दंड ओढवतो असं पौलानं लिहिलं आहे. लिहिलं आहे खरं. पण करिंथकरांना ते का लिहिलं, तो अध्याय वरून वाच. तिथले सधन लोक लवकर येऊन आपापलं जेवून घेत होते, पिऊन तर्र होत होते, आणि कामावरून उशिरा येणारा गरीब उपाशी, लाजिरवाणा होऊन बसत होता. पौल चिडला तो यावर. अयोग्य रीत ही, दुसऱ्याला पंगतीत लाज आणण्याची. आणि म्हणून आपण काय करतो? ज्याला आधीच लाज वाटते त्यालाच पंगतीतून उठवतो! पौलानं स्वतःला पारखायला सांगितलं, आणि पारखून झाल्यावर खायला सांगितलं. घरी जायला नाही. त्या शेवटच्या भोजनाला पेत्र होता, पहाटेपर्यंत काय करणार ते येशूला ठाऊक असताना.

म्हणून माझं सांगणं असतं, कागद लिहून झाला, परत करायचं ते करायला लागलास, की बाकावरून उठू नकोस. लाज जाईल तेव्हा भाकर घेईन असं म्हणणाऱ्याची लाज जात नाही. उधळ्या पुत्रानं वाटेत भाषण पाठ केलं होतं, मला चाकर म्हणून ठेवा इथपर्यंत. बापानं ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आधी झगा आणवला, अंगठी, जोडा. वासराचं जेवण मांडलं, आणि मोठा भाऊ दाराबाहेर फुगून उभा राहिला. मोठा भाऊ तुझ्याही मंडळीत असणार, बहुधा पंच असणार. तो आत येतो की नाही हे बापाला बघू दे.

काही गोष्टींचा पश्चात्ताप वर्षांनी पिकतो, त्यानंही बिचकू नये. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा जॉन न्यूटन 1748 साली समुद्रातल्या वादळात देवाकडे वळला. आणि त्यानंतर काही वर्षं गुलामांची जहाजं चालवत राहिला. आपलं काही चुकतंय असं त्याला तेव्हा वाटत नव्हतं. 1754 मध्ये त्यानं समुद्र सोडला, तोही प्रकृतीमुळे. 1788 साली, पाळक होऊन बराच काळ लोटल्यावर, त्यानं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका छापली, आणि त्यात आपण काय काय पाहिलं, काय केलं ते मांडलं. उशीर फार झाला, ज्यांना त्यानं विकलं त्यांना तर त्याचा काही उपयोग नव्हता, हे मी लपवणार नाही. पण आधीचं वळणं खोटं होतं असं मानून तो गप्प बसला असता तर ती साक्षही मिळाली नसती. चाळिशीत अचानक विशीतलं काही आठवून अंग चोरलं, तर कागद पुन्हा काढायचा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. क्षमा मागायला जाताना पेढ्यांचा बॉक्स नेऊ नये. समोरच्याला मग रागावता येत नाही, पोरांच्या हातात पेढे गेलेले असतात. बायबलही नेऊ नये. बायकोला सोबत नेऊन तिच्याकडून बोलवून घेऊ नये. दारात उभं राहून, काय केलं आणि काय भरून देणार एवढं सांगायचं, बस म्हटलं तर बसायचं. तो ‘ठीक आहे’ म्हणाला नाही, दार लावून घेतलं, तर तो त्याचा हक्क. तू पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन क्षमेचा तगादा लावू नकोस. पैसे देणार असशील तर मोजून पाकिटात घाल, वर रक्कम लिही, आणि मंडळीचे असतील तर खजिनदाराकडून पावती मागून घे.